सुटलेला बॉल कुणाचा

वेल्टन, नेब्रास्का
१५ जानेवारी १९८९

प्रिय हार्लनदादा,

अक्षर ओळखलंत का? नसेल ओळखलं तर राग नाही. रोझमावशीच्या धाकट्या लेकीच्या लग्नात आपण शेवटचे भेटलो, त्याला वीस वर्षं होत आली. मी आर्लीन, तुमच्या आईच्या चुलतबहिणीची मुलगी. चर्चच्या तळघरात पोल्का नाचताना तुम्ही माझ्या पायावर पाय दिला होतात आणि वर मलाच दटावलं होतंत, "बघून नाच की गं!"

तुमचा पत्ता पंचांच्या संघटनेला फोन करून मिळवला. काम असं आहे, की मला फुटबॉलमधला, आपल्या त्या अंडाकृती बॉलच्या खेळातला, एक नियम समजून घ्यायचाय. हसू नका. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. शुक्रवारी सामना असला की मैदानाबाहेर टेबल मांडून गरम चिलीचे वाडगे नि दालचिनीचे रोल विकत उभी असते. पाठीमागे आरडाओरडा झाला की आपल्या पोरांनी काहीतरी चांगलं केलं असणार, एवढंच मला फुटबॉल कळतं.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात आमची शाळा राज्याच्या उपांत्य फेरीत गेली होती. वेल्टनच्या इतिहासात पहिल्यांदाच. आमचा मुलगा लाइल शेवटच्या वर्षाला होता, संघात होता. खेळ संपत आला होता आणि आम्ही पुढे होतो. त्यांनी लांब किक मारून बॉल आमच्या बाजूला पाठवला. तो घ्यायला लाइल मागे उभा होता. पण बॉल त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, अलीकडेच पडला आणि उड्या मारत राहिला. सगळे म्हणतात, तो सोडून द्यायचा होता. लाइल धावत गेला नि त्याच्यावर पडला. बॉल छातीखालून निसटला, तो त्यांच्या पोराने धरला. तिथून त्यांनी गुण केले आणि आम्ही हरलो.

मला कळत नाही ते एवढंच: जमिनीवर पडलेल्या बॉलला हात लावला तर एवढं काय बिघडतं? आणि नाही लावला, तर तो बॉल कुणाचा?

एमिलला विचारता येत नाही, नवरा असला तरी. प्रशिक्षकांना विचारायची इच्छा नाही. तुम्ही सारं आयुष्य पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून शिट्टी फुंकलीत. अडाण्याला सांगतात तसं मला सांगा.

तुमची,
आर्लीन


स्कॉट्सब्लफ
२३ जानेवारी १९८९

प्रिय आर्लीन,

पाय तूच मध्ये घातला होतास. त्या निर्णयावर मी आजही ठाम आहे.

तुझं पत्र आलं आणि घरात जरा माणूस आल्यासारखं झालं. लोरेन गेली, मला विधुर होऊन तीन हिवाळे झाले. गुडघ्यांनी संप केलाय, त्यामुळे शिट्टी खुंटीला टांगली. हल्ली कुणी मला नियम विचारत नाही. पूर्वी मात्र विचारायचे. म्हणजे शिव्या घालत विचारायचे.

तर ऐक. तीनदा पुढे सरकायचा प्रयत्न फसला की संघ बहुधा चौथ्या खेपेला बॉल किक मारून लांब घालवतो. म्हणजे 'घ्या बाबांनो, आता तुमची पाळी, पण लांबून सुरुवात करा.' बॉल दुसऱ्याला देऊन टाकल्यातच जमा असतो. म्हणून समोरच्या संघाने त्याला स्पर्शच केला नाही, तरी तो त्यांचाच. किक मारणाऱ्यांनी धावत जाऊन त्यावर लोळण घेतली तरी त्यांना काही मिळत नाही. बॉल जिथे थांबला तिथून समोरच्यांनी खेळायचं. म्हणून आपल्या पोरांना शिकवतात, की बॉल अवघड उड्या मारत असेल तर लांब व्हा, त्याच्याकडे बघूही नका.

गोम पुढे आहे. तुमच्यापैकी एकाचं जरी बोट त्याला लागलं, गुडघा लागला, शर्टाची बाही लागली, तरी ते दान मोडलं. बॉल सुटला. आता जो धरेल त्याचा. लाइलचं तेच झालं. बॉल हाताळायला गेला आणि तो ताब्यात आला नाही, याला आम्ही मफ म्हणतो. नीट धरून मग हातातून सांडला असता तर तो फंबल. दोन्हींत फरक असा, की मफ झालेला बॉल किक मारणाऱ्यांनी धरला तर बॉल त्यांचा, पण तो घेऊन पळता येत नाही, जागच्या जागी खेळ थांबतो. फंबल असता तर ते उचलून पळालेही असते. तेवढी मेहेरबानी नियमाने केली, असं समज.

लाइलला माझा निरोप सांग. मी असे शेकडो मफ पाहिलेत, आणि ते करणारी पोरं पुढे शेरीफ झाली, दंतवैद्य झाली. एक तर पाद्री आहे, आणि देवाची गोष्ट सांगतानाही त्याच्या हातातून पुस्तक पडतं. लाइलला म्हणावं, उन्हाळ्यात इकडे ये, मी म्हातारा तुला अंगणात बॉल टाकतो. तू हरशील, कारण निर्णय मी देणार.

हार्लन


वेल्टन
५ फेब्रुवारी १९८९

प्रिय हार्लनदादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला चक्क समजलं. तुमचा निरोपही मोठ्याने वाचून दाखवला.

आता पुढचं विचारते. लाइलला कुणी ढकललं असेल तर? माणूस स्वतःहून गेला आणि माणसाला कुणी लोटलं, यात तुमचा नियम काही फरक करतो का? त्या दिवशी तिथे नुसती झुंबड होती म्हणतात.

हे का विचारते तेही सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइल न्याहारीला बसला होता. एमिल विहिरींचे पंप दुरुस्त करतो, कमी बोलणारा माणूस आहे. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "ज्याला कळत नाही त्याने हात घालू नये." एवढंच. त्यानंतर त्या सामन्याबद्दल आमच्या घरात एमिल एक शब्द बोलला नाही. मीच एकदा लाइलला विचारलं, "का रे बाबा गेलास त्या बॉलच्या वाटेला?" तो म्हणाला, "जावं लागलं, आई." मी म्हटलं, हा हट्टीपणा बापाचाच.

गाव मात्र गप्प बसलं नाही. तुम्हाला आमचं गाव माहीत नाही. इथे करमणुकीला फुटबॉल, वारा आणि दुसऱ्याचं घर. कॅफेत शनिवारी सकाळी म्हातारे जमतात. लाइल आत शिरला की एखादा ओरडायचा, "कपबश्या उचला रे!" हेलन कोवारच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला कुणीतरी बाळ त्याच्यापुढे धरलं आणि लगेच मागे घेतलं, "नको बाबा, हे एकच आहे!" सगळे हसले. लाइलही हसला. पण घरी येताना गाडीत त्याने रेडिओ लावला नाही.

ढकललं असेल तर काय, ते लिहा.

आर्लीन


स्कॉट्सब्लफ
११ फेब्रुवारी १९८९

प्रिय आर्लीन,

प्रश्न चांगला विचारलास. अर्धे प्रशिक्षक हा विचारत नाहीत.

हो, नियम फरक करतो. किक मारणाऱ्या संघातल्या कुणी तुमच्या पोराला बॉलवर ढकललं आणि त्यामुळे बॉल त्याला लागला, तर तो स्पर्श धरत नाहीत. जणू लागलाच नाही. बॉल तुमचाच राहतो. पण ढकललेलं पंचाला दिसायला हवं, आणि धावत्या पायांच्या गर्दीत पंचाला सगळं दिसत नाही. मी हे सांगतोय म्हणजे तू समजून जा.

अशा गोष्टी ऐकून ठरत नाहीत. शाळा सामन्यांचं चित्रण करते ना? त्याची कॅसेट असेल तर पाठव. माझ्याकडे यंत्र नाही, पण शेजारच्या शिक्षिकेकडे आहे.

आता जरा रागावतो. तुझ्या मुलाचं काय चाललंय? आई त्याच्यासाठी पत्रांवर पत्रं लिहिते आणि या गड्याला चार ओळी खरडायला होत नाही? एवढं मोठं झाल्यावर आईच्या मागे लपायचं नसतं. त्याला म्हणावं, फोन कर. काय झालं ते त्याच्या तोंडून ऐकू दे. बॉलकडे का गेला, हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

माझा मुलगाही डेन्व्हरहून फोन करत नाही, म्हणून मी जरा जास्तच चिडतो हेही खरं.

हार्लन


वेल्टन
२६ फेब्रुवारी १९८९

प्रिय हार्लनदादा,

तुमच्या शेवटच्या पत्राचं वाईट वाटून घेऊ नका असं मीच तुम्हाला म्हणायला हवं. चूक माझी आहे. मी तुम्हाला सांगितलं नाही.

लाइल गेला. ऑक्टोबरात.

शाळा संपल्यावर तो इथे राहणारच होता, एमिलच्या हाताखाली पंपांचं काम शिकणार होता. पाटीवर दोघांची नावं घालायचं ठरलं होतं. पण जूनमध्ये म्हणाला, "आई, मी दुसरीकडे काम बघतो." इथून दोन तासांवरच्या गावात धान्याच्या कोठारावर लागला. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. फोनवर सांगायचा, "इथली कॉफी वाईट आहे, पण माणसं कपबश्या उचलत नाहीत."

ऑक्टोबरात मक्याचा हंगाम भरात होता. कोठारातल्या मक्यावर वरून पापुद्रा धरतो, तो फोडायला लाइल आत उतरला. खालून मका ओढणारं यंत्र कुणी बंद केलं नव्हतं. मका पायाखालून सरकू लागला की पाण्यासारखा होतो म्हणतात, पण त्यात पोहता येत नाही. त्याला काढायला कोठाराचा पत्रा कापावा लागला.

तुमचा पहिला निरोप आला, 'उन्हाळ्यात इकडे ये' असा, तेव्हा मला ते खोडून काढता येईना. कुणीतरी त्याला कुठेतरी बोलावत होतं. म्हणून मी तुम्हाला कळवलं नाही. तो निरोप मी दफनभूमीत जाऊन वाचला, बर्फात उभी राहून. पाद्र्याच्या विनोदावर तो हसला असता.

मी वेडी झाले नाही. मला ठाऊक आहे, त्याला मक्याने मारलं, बॉलने नाही. पण तो बॉल नसता तर तो त्या गावात गेला नसता. ज्या एका गोष्टीपायी माझ्या मुलाने घर सोडलं, ती निदान मला समजली तरी पाहिजे. म्हणून मी नियम विचारत बसले.

कॅसेट पाठवते आहे. प्रशिक्षकांनी ती तेव्हाच एमिलला दिली होती. एमिलने ती कधी लावली नाही, मीही नाही. तुम्ही बघा. त्याला ढकललं का, एवढंच सांगा. आणि दादा, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

आर्लीन


स्कॉट्सब्लफ
२ एप्रिल १९८९

प्रिय आर्लीन,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचेना. आधीच्या पत्रांतलं माझं एकेक वाक्य आठवतं आणि मान वर करवत नाही. मेलेल्या पोराला मी 'आईच्या मागे लपू नको' म्हणालो. तू मला माफ केलंस असं लिहू नकोस. राहू दे ते तसंच.

कॅसेट बघितली. शिक्षिकेने यंत्र माझ्याकडेच आणून ठेवलं, म्हणाली, हवं तितके दिवस ठेवा. चित्रण उंचावरून आहे, थोडं हलतं. पण दिवस लख्ख होता.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी. लाइलला कुणी ढकललं नाही. त्याच्याजवळ कुणीच नव्हतं. तो स्वतःहून धावत आला.

बरं वाटावं म्हणून लिहू नका म्हणालीस, म्हणून हे आधी लिहिलं. आता पुढचं वाच, आणि हेही मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही हे लक्षात ठेव.

बॉल अलीकडे पडला तेव्हा लाइलने काय केलं? दोन्ही हात वर करून बाजूला फेकले आणि ओरडला. आवाज ऐकू येत नाही, पण ती खूण मी ओळखतो. 'लांब व्हा, हात लावू नका!' शिकवलेलं अगदी बरोबर करत होता. तो स्वतःही दोन पावलं मागे सरला. तुमच्या संघातला एक पोरगा, पाठीवर चव्वेचाळीस, बॉलकडे पाठ करून परत येत होता. प्रतिस्पर्धी अजून लांब होते, म्हणजे या पोरालाही कुणी ढकललं नव्हतं. बॉल उडाला आणि त्याच्या टाचेला लागला. अंडाकृती बॉल कसाही वळतो, म्हणून आधी माझा विश्वास बसेना. मी ते पुन्हा पुन्हा लावलं. मग मला दिसलं, की तो पोरगा थांबून आपल्या पायाकडे बघतो. बॉल लागला नसता तर त्याने पायाकडे बघितलं नसतं.

आणि नेमका तेव्हाच लाइल धावला, आर्लीन. त्याआधी नाही.

मी तुला लिहिलं होतं, तुमच्यापैकी एकाचा स्पर्श झाला की बॉल सुटला, जो धरेल त्याचा. म्हणजे टाचेला लागल्यावर तो बॉल सोडून देणं हीच चूक झाली असती. आता त्याच्यावर झेप घ्यायची, एवढं एकच करण्यासारखं उरलं होतं. सगळं मैदान बॉल थांबायची वाट बघत होतं. तुमचे प्रशिक्षक लाइलकडे बघून हात हलवत होते, 'नको, नको' म्हणून. एकट्या लाइलला कळलं, की आता घ्यायलाच हवा. त्याला तो धरता आला नाही, हे खरं. बॉल थंडीने कडक झालेला असणार, जमीन गोठलेली. पण तो चुकीने गेला नव्हता. तो तुला म्हणाला होता ना, जावं लागलं. तो हट्ट नव्हता गं. तो तुला नियमच सांगत होता.

पंचांनी बॉल त्यांना दिला, तो निर्णय दोन्हीकडून बरोबरच ठरतो. टाचेचा मफ धरा नाहीतर लाइलचा, बॉल त्यांचाच. म्हणून कुणी परत बघायच्या फंदात पडलं नाही. शिवाय सगळे लाइलकडे बघत होते.

मला एक कळत नाही. हे त्याने कुणाला सांगितलं कसं नाही?

चव्वेचाळीस कोण आहे?

हार्लन


वेल्टन
२३ एप्रिल १९८९

प्रिय हार्लनदादा,

चव्वेचाळीस म्हणजे क्लेटन पेट्स्का. लाइलचा पहिलीपासूनचा मित्र. हा सबंध हिवाळा आमच्या दारातला बर्फ त्याने काढला, न सांगता. शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. पशुखाद्याच्या दुकानात कामाला आहे. मी समजत होते, मित्राच्या आईची काळजी घेतो.

परवा तो आला होता. वाऱ्याने पन्हळ निखळली होती, ती ठोकायला. काम झाल्यावर मी त्याला खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, दिले. तो पायरीवर बसून खात होता. मी त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं, "क्लेटन, तो बॉल तुझ्या टाचेला लागला होता का रे?"

त्याने हातातला तुकडा परत ताटलीत ठेवला. मग म्हणाला, "लागला होता, काकू."

"तुला तेव्हा कळलं होतं?"

"हो."

"आणि लाइलला?"

"त्याने बघितलं. बसमध्ये मी त्याला म्हटलं, मी कोचना सांगतो. तो म्हणाला, 'येडा आहेस का? बॉल गेला तो गेलाच. तुझ्या बापाला कळलं तर तो तुला जिवंत ठेवेल का? माझा बाप नुसता गप्प बसेल.'"

क्लेटनच्या बापाचा पट्टा सगळ्या गावाला माहीत आहे, दादा. पोरगा उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे शर्ट घालायचा, आम्ही सगळ्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

"लाइल म्हणाला, चार दिवस बोलतील आणि विसरतील," क्लेटन सांगत होता. "नाताळपर्यंत विसरतील म्हणाला. मग म्हणाला, वसंतात. काकू, मी रोज ठरवायचो, उद्या सांगतो. मग तो दुसऱ्या गावी गेला, मला वाटलं, चला, सुटला एकदाचा. नंतर... नंतर कुणाला सांगू?"

मला त्याचा राग यायला हवा होता. मी वाट बघत बसले, पण आला नाही. तो रडत होता आणि त्याच्या हातात अजून हातोडी होती.

मागे जाळीच्या दाराशी एमिल उभा होता. केव्हापासून, ठाऊक नाही. त्याने सगळं ऐकलं असणार, कारण क्लेटन मान खाली घालून निघाला तेव्हा एमिलने काय झालं म्हणून विचारलं नाही. तसाच कामाच्या शेडमध्ये गेला. जेवायची वेळ झाली तशी मी बोलवायला गेले. एका पंपाचे सगळे भाग काढून त्याने बाकावर मांडले होते आणि नुसता त्यांच्याकडे बघत होता. मी म्हटलं, "चल, सूप गार होतंय." तो म्हणाला, "त्याने मला का नाही सांगितलं?"

तो शेवटी सूप न घेताच झोपला.

क्लेटन म्हणतो, मी आता सगळ्यांना सांगतो. मी म्हटलं, थांब. तुम्हाला काय वाटतं?

आर्लीन


स्कॉट्सब्लफ
२९ एप्रिल १९८९

प्रिय आर्लीन,

सांगू दे त्याला.

मी जन्मभर हेच केलं. मैदानावर काय घडलं ते सगळ्यांसमोर हात वर करून सांगायचं, मग लोक काहीही फेकोत. एका मुलाच्या नावावर न केलेल्या गोष्टीचा डाग आहे, तो पुसायलाच हवा. तुझ्या गावाला कळलं पाहिजे, की ते कुणाला हसत होते. क्लेटनचंही ओझं उतरेल. खरं सांगून कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही.

हवं तर माझं हे पत्र आणि आधीचं पत्र कॅफेत मोठ्याने वाचा. खाली मी माझा पंच क्रमांक लिहितो आहे, म्हणजे कुणी म्हणायला नको की म्हातारा कोण लागून गेला.

हार्लन, क्र. ११७


वेल्टन
११ जून १९८९

प्रिय हार्लनदादा,

मे महिन्यातल्या एका शनिवारी क्लेटनने सांगितलं. कॅफे भरलेलं होतं. तो उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "बॉल माझ्या टाचेला लागला होता. लाइल बरोबर होता." मग तुमचं पत्र त्याने स्वतः वाचलं, अडखळत. मी दारापाशी होते. मला वाटत होतं, आता कुणीतरी माझ्याकडे वळेल.

कुणी वळलं नाही. सगळे कपात बघत राहिले. मग फ्रँक होलिक म्हणाला, "म्हणजे बॉल गेला तो गेलाच ना?" दुसरा म्हणाला, "अंडी अजून आली नाहीत रे." आणि बोलणं पेरणीवर गेलं. हेलन कोवार तेवढी बाहेर आली, माझा हात धरून उभी राहिली, काहीतरी म्हणायचं होतं तिला. तिला ते म्हणता आलं नाही आणि मला तिला मदत करावीशी वाटली नाही.

मी घरी आले ती हलकी होऊन नाही. पण म्हटलं, सांगून झालं एकदाचं.

पुढच्या आठवड्यात क्लेटनचा बाप दुकानात आला. गिऱ्हाईकांच्या समोर म्हणाला, "मेलेल्या पोराच्या मागे दडून बसला होतास होय रे?" मारलं नाही, आता क्लेटन त्याच्यापेक्षा उंच आहे. पण ते वाक्य गावाने उचललं. जे म्हातारे लाइलला हसले, तेच आता क्लेटनला विचारतात, "काय रे, आज कुणाच्या मागे?" कुणी दुकानाच्या दारात फुटका बॉल टाकून ठेवला. ज्या मुलीशी त्याचं ठरत आलं होतं, तिच्या आईला आता तो भित्रा वाटतो. परवा मी त्याला सकाळी बघितलं, तर पिकअपमध्ये एकटाच बसून होता. विचारलं, तर म्हणाला, "वायोमिंगमध्ये खाणीत माणसं घेतायत, काकू."

तुम्ही लिहिलं होतंत, खरं सांगून कुणाचं वाईट झालेलं तुम्ही पाहिलं नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. 'सांग' असं शेवटी त्याला मीच म्हटलं. लाइलला मात्र माहीत होतं. आमच्यापेक्षा त्याला हे गाव जास्त चांगलं कळत होतं, म्हणून तर तो गप्प राहिला. त्याने जे आपल्या अंगावर घेतलं होतं ते मी त्याच्या मित्राच्या अंगावर टाकलं. क्लेटन खाणीत जाईल, आणि मी पुन्हा कुठल्या तरी फोनची वाट बघत बसेन.

हे सगळं मी एमिलला परवा रात्रीच्या जेवणाला सांगितलं. वायोमिंगचंही. त्याने काटा खाली ठेवला. मला वाटलं, झालं, आता हा महिनाभर शेडमध्ये.

काल शनिवार होता. सकाळी एमिलने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. दफनानंतर तो कॅफेत गेला नव्हता, एकदाही नाही. मी विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "येतो जाऊन." पुढचं मला हेलनने फोनवर सांगितलं.

क्लेटन कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटा होता. भोवतालच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एमिल आत शिरला. फ्रँक होलिकने त्याच्यासाठी आपल्या टेबलापाशी खुर्ची ओढली, "ये एमिल, बस." एमिल तिच्या बाजूने पुढे गेला आणि क्लेटनच्या शेजारी जाऊन बसला. समोर नव्हे, शेजारी, सगळ्यांकडे तोंड करून. कॉफी मागवली. कुणी काही म्हणतंय का याची वाट बघितल्यासारखा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. कुणी काही म्हटलं नाही. कॅफे रिकामं होईपर्यंत दोघे तसेच बसून होते.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय बोललात?"

"काही नाही."

"एवढा वेळ?"

"सोमवारपासून येतो म्हणाला पंपांवर," एमिलने बूट काढत सांगितलं. मग थोड्या वेळाने म्हणाला, "लाइलची हत्यारं त्याला दिली तर तुला चालेल ना?"

मी हो म्हटलं, दादा. आणि मग आत जाऊन दार लावून घेतलं.

आर्लीन